फिर्याद आणि गस्त

रविवार, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौकातील एक जुनी इमारत कोसळली व पाच माणसे तिच्या ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावली. ती इमारत शिकस्त झाली होती ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती असे नाही. महानगरपालिकेने तिच्यासंबंधी पूर्वीच नोटीस बजावली होती, असे त्याच वेळी प्रसिद्ध झाले. शासनाने मृतांच्या वारसांस साहाय्य जाहीर केले, चौकशीचा हुकूम सुटला. अशा प्रसंगी जो प्रश्न प्रथम विचारला जातो तो बहुधा ठरलेला असतो : कोणी तक्रार केली होती काय? आमच्या मते हा प्रश्न विचारण्याची जी सवय आपणास जडली आहे, तिच्यात आपल्या नगरकारभाराचा निम्मा इतिहास साठलेला आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाकडे थोडे वळून पाहण्याचा विचार आहे.

नगरातील घर, गटार, भिंत, विहीर आणि बाजार ह्यांविषयीचे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याच्या रीती मुळात दोनच आहेत. पहिल्या रीतीत अधिकारी आपल्या जागी बसलेला असतो. कोणी पीडलेला मनुष्य येऊन गाऱ्हाणे सांगेल तेव्हा तो उठतो. दुसऱ्या रीतीत तो कोणाच्या बोलावण्याची वाट न पाहता गल्लोगल्ली फिरतो व जे वावगे दिसेल त्याची नोंद करून बंदोबस्त करतो. पहिलीला आपण फिर्याद म्हणू, दुसरीला गस्त. दोन्ही शब्द आपल्या भाषेत फार दिवसांपासून रुळलेले आहेत आणि दोन्ही रीतींचा आपल्या पूर्वजांस परिचय होता. परंतु कोणत्या गोष्टी फिर्यादीवर सोडाव्या व कोणत्या गस्तीकडे द्याव्या, ह्याचा निवाडा प्रत्येक काळात निराळा झाला. आणि तो निवाडा कोणी व कोणाच्या हितासाठी केला हे पाहू लागले म्हणजे पुष्कळ उद्बोधक गोष्टी हाती लागतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा निवाडा मोठ्या मार्मिकपणे केलेला आढळतो. दोन घरांतील अंतर, पन्हळीचे पाणी, खिडकी ह्यांसारख्या बाबी त्याने धर्मस्थीय ह्या तिसऱ्या अधिकरणात, म्हणजे दिवाणी तंट्यांत घातल्या आहेत, आणि घरादाराचे असले वाद शेजाऱ्यांच्या साक्षीने तोडावे असे सांगितले आहे. रस्त्यात केर टाकणे, चिखलपाणी तुंबवणे, घरात आग विझवण्याची साधने न ठेवणे ह्या गोष्टी मात्र त्याने दुसऱ्या अधिकरणात, नागरक नावाच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात घेतल्या आहेत. केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा दंड, चिखलपाणी अडवणाऱ्यास पाव पण, आणि हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट. शिवाय पाण्याची ठिकाणे, रस्ते व तट ह्यांची पाहणी नागरकाने नित्य करावी, असे त्याने बजावले आहे. ह्या विभागणीतील तत्त्व असे दिसते की, जेथे अपाय एका शेजाऱ्यास होतो तेथे फिर्याद पुरेशी आहे. जेथे तो साऱ्या वस्तीस होतो तेथे गस्तच पाहिजे. कारण जे नुकसान सर्वांचे, त्याची फिर्याद करण्यास एकटा कोणी पुढे येत नाही.

हाच भेद इंग्लंडात उशिरा, परंतु पुष्कळ मनुष्यहानी सोसल्यानंतर स्पष्ट झाला. १८४६ साली तेथे घाणीच्या उपद्रवासंबंधी जो कायदा झाला, त्याची गाडी दोन वैद्यांनी लेखी दाखला दिल्यावाचून हलत नसे. मध्यंतरी पटकीच्या साथी येऊन गेल्या. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात मात्र दोन कलमे शेजारी शेजारी बसवलेली आढळतात. ब्याण्णवाव्या कलमाने, आपल्या हद्दीत कोठे काय उपद्रव आहे हे वेळोवेळी हिंडून पाहणे हे प्रत्येक स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले. त्र्याण्णवाव्याने, पीडित मनुष्य, कोणीही दोन घरवाले रहिवासी किंवा संस्थेचा अधिकारी ह्यांपैकी कोणासही उपद्रवाची खबर देण्याची मुभा ठेवली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. गस्त आधी व ती कर्तव्य म्हणून. फिर्याद नंतर व ती मुभा म्हणून.

आपल्याकडे इंग्रजी अमलात जे म्युनिसिपालिट्यांचे कायदे झाले त्यांत अधिकार पुष्कळ आले, परंतु हिंडून पाहण्याचे कर्तव्य इतक्या ठळकपणे आले नाही. वऱ्हाडास पुढे १९२२ चा मध्यप्रांताचा म्युनिसिपालिट्यांचा कायदा लागू होता. महाराष्ट्रराज्य झाल्यावर १९६५ चा नगरपालिकांचा कायदा आला. अमरावतीस १९८३ मध्ये व अकोल्यास २००१ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, आणि मूळच्या १९४९ च्या महानगरपालिका-कायद्याखाली ही दोन्ही शहरे आली. त्या कायद्याच्या २६४ व्या कलमाचा आशय असा की, एखादी इमारत पडावयास झाली आहे असे आयुक्तास केव्हाही दिसून आल्यास त्याने लेखी नोटीस देऊन ती पाडविण्याचा, सावरण्याचा किंवा दुरुस्त करविण्याचा हुकूम करावा. अधिकार भरपूर आहे. परंतु दिसून येणार कसे? पाहावयास कोणी, किती दिवसांनी व कोणत्या क्रमाने जावयाचे? ह्याविषयी हे कलम बोलत नाही. आणि कायदा जेथे मौन धरतो तेथे वहिवाट बोलू लागते. आपली वहिवाट फिर्यादीची पडली.

ही वहिवाट पडण्याचे कारण सरकारास गस्त घालता येत नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. वऱ्हाडाचाच दाखला घ्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला व त्यांची दृष्टी आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईस जाणाऱ्या कापसात सरकी, माती व पाणी मिसळलेले आढळू लागताच १८६३ साली मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीसंबंधी स्वतंत्र कायदा झाला व कापसाचे तपासनीस नेमले गेले. १८६० नंतरच्या त्याच दशकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्यास मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी कापूस-कमिशनर नेमण्यात आले. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरापर्यंत आगगाडी पोचली. कापसाच्या बोंडापासून बंदरापर्यंत प्रत्येक पायरीवर सरकारची नजर होती, आणि ती कोणा शेतकऱ्याने अर्ज केला म्हणून नव्हे.

पुढे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने १८८६ साली कारंजा येथील कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला; हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची गणना होते. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. बाजारावर देखरेखीस समिती, अडत्ये व मापारी ह्यांस परवाने, बाजारासाठी नियम, अशी ती व्यवस्था होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल केवढे होते हे ज्याने जुना बाजार पाहिला असेल त्यासच कळेल. वजनात मार, कडत्यात मार, धर्मादायाच्या नावाखाली आणखी कापणी. आणि त्याची दाद मागावी तर गाडी घेऊन वीस कोस आलेल्या माणसाने बैल सोडून कचेरीच्या पायऱ्या किती दिवस चढाव्या? ज्या अडत्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच ओट्यावर पुढल्या हंगामात कापूस उतरावयाचा, आणि बी-बियाण्यास पैसाही त्याच्याकडूनच उचलावयाचा. अशा ठिकाणी फिर्यादीचा हक्क देणे म्हणजे विहीर दाखवून दोर न देण्यासारखे आहे. काट्याची तपासणी तक्रारीपूर्वीच व्हावयास पाहिजे, हे तत्त्व वऱ्हाडाच्या बाजारात असे प्रथम रुजले.

तथापि ह्या प्रकरणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासास शोभणार नाही. ह्या कायद्याखालील समित्यांवर व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते आणि शेतकऱ्याच्या प्रतिनिधीस त्यांत जागा नव्हती. १९२८ साली ज्या शाही कृषिआयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने वऱ्हाडच्या पद्धतीवरून सर्व देशभर नियंत्रित बाजार उभारण्याची शिफारस केली, पण हे वैगुण्यही त्याच्या नजरेतून सुटले नाही. मुंबई इलाख्याने १९२७ साली आपला कापूस-बाजाराचा कायदा करताना पिकवणाऱ्यास प्रतिनिधित्व दिले, तेव्हा ही उणीव एके ठिकाणी तरी भरून निघाली. म्हणजे गस्त चालू झाली एवढ्याने भागत नाही. गस्तवाला कोणास जबाबदार, हाही प्रश्न उरतोच. आणि दुसरे असे की, १८६३ साली कापसाच्या गाठीस जो तपासनीस मिळाला तो त्याच गावच्या गटारास, चाळीस व भिंतीस मिळाला नाही. गाठ बिघडली तर मँचेस्टरचे नुकसान होते. गटार बिघडले तर ज्यांचे नुकसान होई त्यांना सांगण्यात येई की, अर्ज करा.

ज्या १८९७ साली वऱ्हाडात हा बाजाराचा कायदा झाला, त्याच साली पुण्यात गस्तीचे अत्यंत भेसूर स्वरूप महाराष्ट्राने पाहिले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस प्लेग उघडकीस आला आणि थोड्याच महिन्यांत पुण्यास पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. सातारकडून आणलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड ह्या अधिकाऱ्याच्या हाती पुण्याचा बंदोबस्त देण्यात आला व १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. त्या १९ मेपर्यंत चालल्या. देवघरात, माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत सोजीर शिरत. स्त्रीपुरुषांची तपासणी होई. सामान रस्त्यावर टाकून जाळले जाई. दोन लाखांवर झडत्या झाल्या आणि त्यांतून हाती लागलेले रोगी चारशेंच्या आतले. घराघरांतून रोगी लपवले जाऊ लागले, प्रेते गुप्तपणे पुरली जाऊ लागली. जी तपासणी रोग शोधण्यासाठी होती तिच्याच भीतीने रोग दडू लागला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या हातून रँडवर गोळी झाडली गेली, व ३ जुलै रोजी तो मरण पावला. पुढचा इतिहास सर्वविदित आहे.

परंतु ह्याच दिवसांतील आणखी एक गोष्ट तितकी बोलली जात नाही. सोजिरांच्या झडत्या सुरू होण्याच्या अवघे तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले ह्यांचा प्लेगाने अंत झाला. चिरंजीव डॉक्टर यशवंतराव ह्यांनी पुण्याबाहेर मळ्यात जो दवाखाना घातला होता, तेथे सावित्रीबाई स्वतः रोग्यांस आणून पोचवीत होत्या व त्या शुश्रूषेतच त्यांना रोग जडला. त्याही कोणाच्या अर्जाची वाट पाहत बसल्या नव्हत्या. बोलावणे नसता दाराशी जात होत्या. मग रँडचे दारात येणे आणि सावित्रीबाईंचे येणे ह्यांत भेद कोणता? सहृदयतेचा भेद तर आहेच. पण कारभाराच्या दृष्टीने पाहिले तरी भेद स्पष्ट आहे. रँडच्या माणसापाशी दार फोडण्याचा अधिकार होता आणि आतल्या माणसाला कोठे न्यावयाचे ह्याचे उत्तर भीतीदायक होते. सावित्रीबाईंपाशी अधिकार काडीचाही नव्हता. पण आतल्या माणसासाठी औषध व निवारा तयार होता. ज्या तपासणीच्या पलीकडे निवारा नाही, ती लोकांस झडतीच वाटणार.

डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा भोगत तुरुंगात होते. प्लेगाच्या दिवसांत टिळक पुणे सोडून गेले नव्हते, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला होता, हे सभेस जमलेल्या प्रतिनिधींस ठाऊक होते. त्या अधिवेशनावर पुण्याच्या झडत्यांची छाया पडलेली होती, हे सांगणे नलगे. पुढल्या वर्षी, मार्च १८९८ मध्ये, मुंबईतही झडत्यांवरून दंगा झाला, आणि त्यानंतर सरकारने सक्तीचे धोरण क्रमाक्रमाने सैल केले.

ह्या अनुभवातून आपल्या सुशिक्षित वर्गाने एक धडा घेतला, तो असा की घरात डोकावणारा सरकारी माणूस हा नेहमीच जुलमी. त्या काळापुरता तो खोटा नव्हता. परंतु परके राज्य गेले तरी तो धडा मनातून गेला नाही. आणि आपण होऊन हिंडणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा बोलावल्यावर येणारा अधिकारी बरा, अशी आपली समजूत कायम राहिली. ह्या समजुतीचे खंडन मात्र पुढच्याच काळात आपल्या घरांच्या भिंतींवर लिहिले गेले. १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली व १९५८ मध्ये तिचे निर्मूलनाच्या मोहिमेत रूपांतर झाले. ठराविक दिवसांनी एक कार्यकर्ता दारी येई, घरात कोणास ताप आहे काय विचारी, असल्यास बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेई, आणि जाताना भिंतीवर तारीख मांडून जाई. त्यास कोणी अर्ज केलेला नसे. आमच्या पिढीतील बहुतेकांनी लहानपणी ही भिंतीवरची चौकट पाहिलेली असेल. मोहिमेपूर्वी देशात वर्षाकाठी साडेसात कोटींच्या सुमारास मानलेले रोगी १९६५ च्या सुमारास एक लाखावर आले.

ही गस्त रँडच्या गस्तीहून वेगळी का ठरली? येणारा मनुष्य बहुधा ओळखीचा, एकटा व निःशस्त्र होता. तो रावाच्या वाड्यातही जाई व रंकाच्या खोपटातही, क्रमाने. आणि मुख्य म्हणजे भिंतीवरच्या त्या तारखेमुळे घरवाल्यासही कळे की हा मागे केव्हा आला होता व आता केव्हा यावयास पाहिजे. तो चुकला तर ती चूक अक्षरशः भिंतीवर दिसे. म्हणजे तपासणाऱ्याचीच तपासणी करण्याचे साधन ज्याची तपासणी व्हावयाची त्याच्या हाती होते. यश आले म्हणताच फेऱ्या मंदावल्या, माणसे कमी पडली, डासही औषधास दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. गस्तीचा हा स्वाभाविक शत्रू आहे. ती यशस्वी झाली म्हणजे निरुपयोगी भासू लागते.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू करण्यात आला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली व घरोघर ताप आणि प्राणवायूचे प्रमाण पाहण्यात आले. कायदा तोच होता. पण दारात सोजिराच्या जागी त्याच वस्तीतली आशा कार्यकर्ती उभी होती. घरोघरची तपासणी स्वभावतःच जुलमी असती, तर हे घडते ना.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे शिकस्त इमारतींकडे वळू. अमरावतीच्या परकोटाच्या आत, किंवा अकोल्याच्या मोर्णाकाठच्या जुन्या शहरात हिंडणाऱ्यास असे वाडे पुष्कळ दिसतील की ज्यांची मातीची भिंत पोट काढून उभी आहे, माळवद खचले आहे व खाली दुकान चालू आहे. आत राहणारा बहुधा जुना भाडेकरू. त्याने तक्रार का करू नये? तक्रार केली तर इमारत धोक्याची ठरेल; धोक्याची ठरली तर ती खाली करावी लागेल; एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येणे घडेलच ह्याची हमी कोण देणार? विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडाचा भाडेनियंत्रणाचा हुकूम होता, तो जाऊन २००० साली महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. पुन्हा बांधलेल्या घरात भाडेकरूस जागा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे; पण कोर्टाचा निकाल व डोक्यावरचे छप्पर ह्यांमध्ये जी वर्षे जातात ती काढावयाची कोठे, हे कायदा सांगत नाही. म्हणून भाडेकरू गप्प बसतो. मालकही गप्प बसतो, कारण जुन्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघत नाही. आणि कधी कधी पडझड हीच त्याला लाभाची वाटते. शेजारी गप्प बसतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचे हळदीकुंकू एका अर्जापायी कोण तोडील? अशा घराविषयी अर्ज आला तर तो बहुधा कोणाचे तरी जुने वैर उगवण्यासाठी आलेला असतो. तेव्हा तक्रारींच्या यादीवरून शहराचा नकाशा काढावा, तर त्यात धोका कोठे आहे ते दिसणार नाही. भांडण कोठे आहे व अर्ज लिहिण्याची ऐपत कोणास आहे, एवढेच दिसेल. हल्ली अर्ज कागदावर न करता खिशातील यंत्रावरून करता येतो. त्यामुळे लिहिणाऱ्याची सोय झाली, न लिहिणाऱ्याची भीती गेली नाही.

येथे एक शंका संभवते, व ती उडवून लावण्यासारखी नाही. गस्त घालणारा मनुष्य दारात आला की त्याचा हात ओला करावा लागतो. तो गरिबाचा छपरा पाडतो आणि श्रीमंताच्या वाढीव मजल्याकडे पाठ करतो. अशा माणसांच्या हाती आणखी अधिकार देणे म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेण्यासारखे नव्हे काय? शंका खरी आहे. परंतु फिर्यादीच्या पद्धतीत हा दोष नाहीसा होतो असे नाही. कोणत्या अर्जावर उठावयाचे व कोणता दप्तराखाली ठेवावयाचा, हे ठरवण्याची मोकळीक तेथेही त्याच अधिकाऱ्यास असते, आणि ती दिसत नाही एवढाच फरक. गस्तीला जर क्रम ठरवून दिला, म्हणजे अमुक महिन्यात अमुक गल्ली, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, तर निवड करण्याची मोकळीकच आटते. ज्याला निवड नाही त्याला विकावयासही थोडेच उरते. माणसे थोडी आहेत हे खरे. पण थोडी माणसे क्रमाने हिंडली तर वर्षा-दोन वर्षांत शहर पुरे होते, आणि अर्जामागे धावली तर त्याच चार गल्ल्यांत आयुष्य जाते.

आपल्या कायद्याने अलीकडे एक मधला मार्ग काढला आहे. महानगरपालिका-कायद्यात २६५-अ हे कलम घालून, तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने जाणत्या अभियंत्याकडून तिची तपासणी करून मजबुतीचा दाखला द्यावा, असे बंधन घातले आहे. ह्यातील चांगली गोष्ट ही की, येथे फिर्यादीची जागा दिनदर्शिकेने घेतली आहे. घराचे वय झाले की तपासणी आलीच. कोणी कोणाचे नाव सांगावयास नको. मुंबईत १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ निघाले, व ते दर पावसाळ्यापूर्वी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. तेथे तपासणीला पैशाचाही थोडा आधार आहे. वऱ्हाडच्या शहरांत तसा आधार नाही. दाखला आणावयाचा मालकाने, खर्च करावयाचा मालकाने, आणि मालक जर वाडा पडण्याचीच वाट पाहत असेल तर दाखला येणार कोठून? वयाच्या नियमामागे कोणीतरी हिंडणारा मनुष्य असल्याखेरीज तो नियम कागदावरच राहतो.

प्रभात चौकातील अपघाताने आणखी एक गोष्ट शिकवली. तेथे इमारत शिकस्त असल्याचे कळले होते, नोटीसही गेली होती. अडले ते त्यापुढे. नोटीस भिंतीला चिकटवल्याने भिंत उभी राहत नाही. आपल्या नगरसंस्थांत नोटीस हा कर्तव्याचा शेवट समजला जातो, वास्तविक तो आरंभ आहे. १८९७ च्या मार्चमधील त्या दोन दृश्यांतला भेद पुन्हा आठवावा. ज्याला घर खाली करावयास सांगावयाचे त्याच्यासाठी चार महिने राहावयास जागा, दुकानदारास बसावयास ओटा, आणि परत येण्याच्या हक्काचा लेखी कागद, एवढे जर नोटिशीबरोबर देता आले, तर भाडेकरू स्वतःच तपासनिसास आत बोलावून खचलेले माळवद दाखवील. ते देता येत नसेल तर नोटीस त्याला झडतीसारखीच वाटेल आणि तो दार लावून घेईल.

मग फिर्यादीला काही स्थानच नाही काय? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. आज आपण नागरिकास शेजाऱ्याविरुद्ध, भाडेकरूस मालकाविरुद्ध फिर्याद करावयास सांगतो, म्हणजे सरकारने करावयाचे हेराचे काम त्याच्या गळ्यात टाकतो. त्याऐवजी प्रत्येक प्रभागाच्या कचेरीबाहेर फळ्यावर लिहावे : ह्या गल्लीची पाहणी मागे अमुक तारखेस झाली, पुढे अमुक तारखेस होईल, इतकी घरे शिकस्त आढळली, इतक्यांचा बंदोबस्त झाला, इतक्यांचा बाकी आहे. मग तारीख टळली तर फिर्याद करण्यास कोणी भिणार नाही, कारण ती शेजाऱ्याविरुद्ध नसून गस्त चुकवणाऱ्याविरुद्ध असेल. साऱ्या गल्लीने मिळून ती करता येईल, व तिने कोणाचे हळदीकुंकू तुटणार नाही. हिवतापाच्या कार्यकर्त्याने भिंतीवर मांडलेल्या तारखेत हेच मर्म होते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव जो मार्ग दाखवला, त्याचे वर्णन करण्याचे वऱ्हाडच्या वाचकांस प्रयोजन नाही. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडीत व रात्री कीर्तनात लोकांस त्यांची घाण दाखवीत. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छतेची स्पर्धा २००० सालापासून चालली, व तीत पाहणी करणारी पथके गावोगाव जात. खेड्यांसाठी जे आपण केले ते शहरांतील पडक्या भिंतींसाठी करता येणार नाही असे नाही. बाबांना कोणत्याही गावाने अर्ज पाठवून बोलावले नव्हते, आणि बोलावणे न येताच आलेल्या त्या माणसास कोणत्याही गावाने जुलमी म्हटले नाही. कारण दुसऱ्याच्या दारातला केर दाखवण्यापूर्वी तो त्यांनी स्वतः उचललेला असे. आमच्या महानगरपालिकांनी दारोदार यावे. येताना तारीख सांगून यावे, क्रमाने यावे, आणि रिकाम्या हाताने येऊ नये.